चौथी फाईल

"ओपन करू का सेव्ह?" गुणवंतभाऊंनी विचारलं.

स्क्रीनच्या मधोमध एक पांढरी चौकट आली होती आणि तिच्यात तेच दोन शब्द होते. वर फाईलचं नाव. इंग्रजी मोठ्या अक्षरांत आधी आडनाव, मग नाव: खोब्रागडे, संघमित्रा. माझ्या मांडीवरच्या दहा महिन्यांच्या पोरीला घरात सगळे मित्रा म्हणायचे. तिचं नाव असं कचेरीतल्यासारखं लिहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"ओपन," मी म्हटलं. "सेव्ह नको. मला फक्त बघायचंय."

"ओपन तर ओपन." त्यांनी माउस माझ्याकडे सरकवला. "तुम्ही निवांत पाहा मॅडम, मी तिकडं झेरॉक्स मारून राहिलो."

वरोऱ्यात आमच्या भागात ते एकच सेंटर. जातीचा दाखला, परीक्षेचा फॉर्म, लग्नाची पत्रिका, रेल्वेचं तिकीट, सगळं गुणवंतभाऊंच्या एका कॉम्प्युटरवर. मी तिथं जात नसे. पण मित्रानं माझा मोबाईल बादलीत टाकल्यापासून माझ्याकडे बटणांचा फोन होता. चंद्रपूरच्या लॅबनं त्याच्यावर मेसेज पाठवला, रिपोर्ट तयार आहे, हा नंबर टाका, उतरवून घ्या. यशूचा फोन मागता आला असता, सासऱ्यांचा, म्हणजे मामाजींचाही. मागितला नाही.

रिपोर्ट दोन पानांचा होता. पहिल्या पानावर आलेख. वर्ध्याला बीएस्सीला असताना असले आलेख मी वहीत काढले होते, त्यामुळे खालचं वाक्य वाचायची गरज पडली नाही. जिथं उंच टोक असायला हवं तिथं ते नव्हतं आणि जिथं काहीच नको तिथं होतं. तरी मी खालचं वाक्य वाचलं. सिकल सेलचा आजार. नुसती वाहक नाही, आजार. हा आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय होत नाही हेही त्याच वहीत होतं.

मित्रा कीबोर्डवर थापट्या मारत होती. तिच्या उजव्या हाताची बोटं अजून जराशी फुगलेली होती. पंधरवड्यापूर्वी दोन्ही पंजे सुजले आणि ती रात्रंदिवस रडली, तेव्हा मामाजी म्हणाले होते, दात येऊन राहिले. मी मानलं नव्हतं. दातांनी बोटं सुजत नाहीत. मी एकटी बसनं चंद्रपूरला गेले होते तिला घेऊन.

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी कोपऱ्यातली फुली दाबली, रिपोर्ट गेला, मागं हिरव्या डोंगराचं चित्र उरलं.

"झालं?" गुणवंतभाऊ म्हणाले.

"हे इथं राहिलं तर नाही ना?"

"सेव्ह कुठं केलं तुम्ही? ओपनच केलं. पाहिलं, बंद केलं, गेलं."

मलाही तसंच माहीत होतं. कॉलेजच्या लॅबमध्ये आम्हाला तसंच शिकवलं होतं. ओपन म्हणजे बघणं. सेव्ह म्हणजे ठेवणं. मी मित्राला कडेवर घेतलं आणि घरी आले.

दारातच यशूनं मित्राला ओढून घेतलं. यशू म्हणजे माझी नणंद, यशोधरा. माझ्या नवऱ्यापेक्षा, प्रफुल्लपेक्षा, सहा वर्षांनी लहान, बीएड झालेली, गावातल्या शाळेत शिकवायची. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात बायका म्हणाल तर आम्ही दोघीच.

"वहिनी, बाबांनी माझा बायोडाटा तीनदा बदलला. उंची एक इंच वाढवून ठेवली."

"का बरं?"

"म्हणते, टाचेची चप्पल घालशील तर तेवढी होतेच." ती हसली. "मी म्हटलं, विपुलनं मले पाहिलं आहे बाबा. ट्रेनिंगमध्ये पंधरा दिवस माझ्याच बाजूच्या बाकावर बसत होता. आता अचानक इंचभर कशी वाढली म्हणेल."

विपुल ब्रह्मपुरीचा. आयटीआयमध्ये शिकवायचा. त्या ट्रेनिंगपासून यशू जेवताना मध्येच थांबून कारण नसताना हसायची, हे मी बघितलं होतं. मी सगळंच बघत असे. मित्रा झाल्यापासून तर कोणाचा श्वास जरा वेगळा वाजला तरी मला जाग यायची. आता रीतसर बोलणी व्हायची होती. त्याच्या घरून मागणं आलं होतं, आधी बायोडाटा पाठवा, मग आम्ही बघायला येतो. मुलगा-मुलगी एकमेकांना आवडले हे दोन्ही घरांना ठाऊक होतं, पण कागद जायलाच हवा होता.

प्रफुल्ल गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात होता, आठवड्यातून एकदा यायचा. संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा मी मागच्या अंगणात गेले.

"काय म्हणते रिपोर्ट?"

"आहे तिला. सिकल. आपल्या दोघांकडून."

त्याच्यामागं यंत्रांचा आवाज होता.

"औषध?"

"आहे. रोज घ्यायचं. ताप आला की लगेच दवाखाना. थंडीत जपायचं." मी भाजीची यादी वाचून दाखवावी तसं सांगत होते. "मामाजींना कधी सांगायचं?"

"यशूचं ठरू दे आधी."

"प्रफुल्ल, यशूलाही असू शकते. तुझी बहीण आहे ती. तिलाही तपासायला पाहिजे. आणि त्यालाही."

"तपासू ना. ठरल्यावर तपासू. आता सांगितलं तर ते येतीलच कायले? घरात सिकल आहे म्हटलं की लोक पानसुद्धा खात नाहीत आपल्याकडचं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू घाबरली आहेस का?"

"नाही," मी म्हटलं. ते खरं होतं. मला काहीच होत नव्हतं. नळाला पाणी आलं होतं आणि मी हंडा लावायला वाकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामाजी सेंटरवरून आले ते खुशीतच. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते, कुठलंही काम स्वतः जाऊन केल्याशिवाय त्यांना झाल्यासारखं वाटत नसे. मी कणीक मळत होते. यशू मित्राला भिंतीशी उभी करून टाळ्या वाजवत होती.

"गेलं," मामाजी म्हणाले. "बटण दाबलं अन् ब्रह्मपुरीत. आमच्या टायमाले पत्राले आठ दिवस लागत."

"सगळं पाठवलं ना बाबा? फोटो? डिग्री?"

"सगळं. गुणवंत म्हणे, तुम्ही कायले शोधता काका, मी आडनाव टाकतो, खोब्रागड्याचं जे आहे ते आपोआप वर येते. त्यानं टाकलं अन् सगळं एकदम उचलून पाठवून दिलं. चार फायली."

"तीन," यशू म्हणाली. "बायोडाटा, फोटो, डिग्री."

"चार म्हणे तो."

"फोटो दोनदा गेला असेल. म्हणजे मी आता दोन इंचांनी वाढली."

ती हसत होती. मामाजीही हसले. माझे हात परातीत होते. कणीक बोटांना चिकटली होती आणि मी ती खरडून काढत राहिले, एकेका बोटाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंटर उघडल्या उघडल्या मी तिथं गेले. मित्राला यशूकडे ठेवलं, दूध आणायला जाते म्हणून सांगितलं. गुणवंतभाऊ खुर्ची पुसत होते.

"काल मामाजींनी मेल केला, तो दाखवा मला."

त्यांनी दाखवला. खाली चार नावं ओळीनं होती. तीन यशोधराची. चौथं संघमित्राचं.

"हा रिपोर्ट मी सेव्ह केला नव्हता," मी म्हटलं.

"नव्हता केला. ओपन केला होता." त्यांनी मान खाजवली. मग एक कप्पा उघडला. "पण ते पाहा, इथं येऊन पडलं आहे. हे मागच्या अपडेटपासून असं करून राहिलं. पहिले ओपन केलेलं बंद केलं का पुसून जायचं. आता ओपन करा का सेव्ह करा, एक प्रत इथं ठेवूनच देते."

"मग विचारतं कशाला?"

"काय माहीत. विचारायची सवय राहिली असंल."

मी त्या कप्प्याकडे बघितलं. नावांमागून नावं होती. आमच्या गल्लीतली कितीतरी. कोणाचं नापास झालेलं गुणपत्रक, कोणाची पोलीस ठाण्यातली तक्रार, आमच्या मागच्या आळीतल्या एका मुलीची सोनोग्राफी, जिचं अजून लग्न झालं नव्हतं. सगळ्यांनी बघून बंद केलं असणार. माझ्यासारखंच फुली दाबून उठून गेले असणार.

"तुम्हाला माहीत होतं तर परवा मला सांगायचं होतं ना."

"मॅडम, मले तरी कुठं वाटलं? मी पाहतो का आत काय आहे? मी आडनाव पाहतो. एका घरचं एका घरी जाते, एवढंच मले कळते." मग त्यांना काहीतरी उमगलं असावं. "काही खराब गेलं का?"

"पुसून टाका."

त्यांनी पुसलं. कचऱ्याच्या टोपलीतूनही पुसलं, मला दाखवून. "पण गेलेलं परत नाही येत," ते म्हणाले. "त्याले काही बटण नाही."

मी दूध घेऊन घरी गेले. यशू केस धुऊन उन्हात बसली होती, मित्रा तिच्या ओल्या केसांशी खेळत होती. सांगायला हवं होतं, तेव्हाच. यशू म्हणाली, "वहिनी, विपुलचा मेसेज आला. कागद पोचले म्हणे. बाकी काही बोलला नाही. एरवी दहा ओळी लिहिते." आणि माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी बोलेन म्हणून.

"कामात असेल," मी म्हटलं.

मला वाटलं आता निरोप येईल. जुळत नाही, घर लांब पडतं, असलं काहीतरी. फोन वाजला की मी मामाजींच्या चेहऱ्याकडे बघायचे. प्रफुल्लला सांगितलं तेव्हा तो आधी गुणवंतभाऊंना शिव्या देत सुटला, मग म्हणाला, "आता ते येतच नाहीत. तू काही बोलू नको. पाहू."

आणि निरोप आला तो असा की रविवारी आम्ही येतो.

तिघं आले. विपुल, त्याची आई चंद्रकलाबाई आणि त्याचे मामा. वडील नव्हते त्याला. मामा जाडजूड, खिशाला दोन पेनं, आल्या आल्या त्यांनी आमचं छत, पंखा, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर, सगळं एकदा नजरेखालून घातलं. "जय भीम" झालं. प्रफुल्लला सुट्टी मिळाली नव्हती. मामाजींनी पाहुण्यांना चांगल्या खुर्च्या दिल्या आणि स्वतः पलंगाच्या काठावर बसले.

यशू आलुबोंड्यांच्या बशा घेऊन आली. बघायला आलेल्या बाया मुलीच्या पायांकडे बघतात, हाताकडे, केसांकडे. चंद्रकलाबाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि मग त्या माझ्याकडे बघू लागल्या. माझ्याकडे नाही, माझ्या कडेवर.

"दे इकडं," त्या म्हणाल्या.

मी मित्राला दिलं. अनोळखी माणसाकडे ती जात नसे, पण गेली. चंद्रकलाबाईंनी तिला मांडीवर घेतलं, तिचा उजवा पंजा आपल्या तळहातावर ठेवला आणि अंगठ्यानं एकेक बोट अगदी हलकं दाबून बघितलं. सांध्यापासून टोकापर्यंत. मग डावा. मग पायाचे तळवे. लाड करणाऱ्या बाया बोटं अशी धरत नाहीत.

"आता दुखत नसंल," त्या कोणालाच न सांगितल्यासारखं म्हणाल्या. मग मोठ्यानं, "पाणी कुठं आहे बाई? हात धुवायचे मले."

मी त्यांना मागच्या अंगणात नेलं. मित्राला त्यांनी खाली ठेवलं नाही.

नळ सोडला तरी त्यांनी हात पुढे केला नाही.

"ते पत्र आलं, त्यात तिचा कागद होता," त्या म्हणाल्या. "विपुलनं वाचलं. सिकल आहे म्हणे. बाकीचं इंग्रजीत होतं, तो सांगेना नीट. तू शिकलेली दिसतेस. काय लिहिलं आहे, मले आपल्या भाषेत सांग."

तोपर्यंत प्रफुल्ल सोडला तर मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि त्यालाही चार शब्दांत. मी सांगायला लागले. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या त्या हिच्या वाकड्या होतात, विळ्यासारख्या. अडकतात. जिथं अडकतात तिथं दुखतं, सुजतं. आई आणि बाप दोघांच्या रक्तात थोडं थोडं असतं, त्यांना काहीही होत नाही, त्यांना कळतही नाही. दोघांचं मिळून बाळात आलं की हे असं. दर वेळी येतंच असं नाही. आमच्यात आलं. माझा आवाज मला लांबून ऐकू येत होता, वर्गात कोणी धडा वाचावा तसा.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मित्रा त्यांच्या गळ्यातल्या माळेशी चाळा करत होती.

"माझी एक होती," त्या म्हणाल्या. "विपुलच्या आधीची. अशीच बोटं सुजत. गावानं म्हटलं, कोणाची नजर आहे. मी तिले ह्या बाबाकडे नेलं, त्या बाबाकडे नेलं. गरम विटकरीनं शेकलं. चार वर्षांची होऊन गेली." थोड्या वेळानं, "म्हणजे ते माझ्याही रक्तात होतं. अन् त्याच्या बापाच्याही."

"हो."

"अन् विपुलच्या?"

"असू शकतं. नसूही शकतं. तपासावं लागतं."

"अन् तुझ्या नणंदेच्या?"

"तेच."

त्यांनी मान हलवली. घरातून मामाजींचं हसणं ऐकू आलं. एसटीतला कुठला तरी किस्सा चालला होता.

"तुमचा कागद आला तेव्हा माझा भाऊ म्हणे, सोड हे घर. मी म्हटलं, नाही, मले जायचंच आहे. पोरीचा बायोडाटा अन् नातीचा असा कागद संगं पाठवणारी माणसं मले पाहायची आहेत. एवढं उघडं कोण करते? म्हणून आली मी."

मी नळ बंद केला.

"आम्ही पाठवला नाही," मी म्हटलं. "तो चुकून गेला. सेंटरवाल्यानं आडनाव टाकलं आणि जे होतं ते सगळं पाठवलं. मामाजींना माहीतच नाही हिला काय झालंय ते. यशूलाही नाही. आम्ही लग्न ठरल्यावर सांगणार होतो."

चंद्रकलाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

"हे आमच्याकडच्या अजून कोणाले सांगितलं का?"

"नाही."

"माझ्या भावाले सांगू नको. तो फसवणूक म्हणंल. गावभर करंल." त्यांनी मित्राला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि आत निघाल्या. हात धुवायचे राहिलेच.

बैठकीत मामांनी बशी खाली ठेवली होती आणि घसा खाकरला होता. "खोब्रागडेजी, एक गोष्ट विचारायची होती. तुम्ही जे कागद पाठवले, त्यात—"

"थांब दादा, मले बोलू दे," चंद्रकलाबाई मध्येच म्हणाल्या. त्या मामाजींच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या, मित्राला मांडीवर नीट बसवलं. "खोब्रागडेजी, मी आजपर्यंत लई सोयरिकी पाहिल्या. नातीच्या रक्ताचा रिपोर्ट पोरीच्या बायोडाट्यासंगं पाठवणारा माणूस नाही पाहिला. हिले सिकल आहे हे दुसऱ्यानं सात पडद्याआड ठेवलं असतं. तुम्ही आधीच आमच्या हातात दिलं. हे दादाले समजत नाही, म्हणून मी बोलून राहिली."

मामाजींच्या हातात अर्धा आलुबोंडा होता. ते चंद्रकलाबाईंकडे बघत होते. मग मित्राकडे बघितलं, तिच्या हाताकडे. मग दारात उभी होते मी, माझ्याकडे. यशू चहाचा ट्रे घेऊन आतल्या उंबऱ्यावर थांबली होती.

मामाजींनी आलुबोंडा बशीत ठेवला, धोतराच्या टोकाला बोटं पुसली.

"लपवून कोणाचं भलं होते, बाई," ते म्हणाले.

"तेच म्हणते मी."

"पाठवायलाच पाहिजे होतं. उद्या तुमच्या दारात असं लेकरू आलं असतं तर तुम्ही मले काय म्हटलं असतं?" त्यांचा आवाज कुठंही अडखळला नाही. "आता तुमच्या पोराचंही पाहून घ्या, आमच्या पोरीचंही पाहू. मंग बोलू. घाई नाही आपल्याले."

मामांनी चहा घेतला. विपुल पूर्ण वेळ यशूकडे बघत होता आणि यशू ट्रेकडे.

दोघांची तपासणी पुढच्या आठवड्यात चंद्रपूरला झाली. दोघंही वाहक निघाले. सोयरीक तिथंच थांबली, आणि थांबली हे सांगायला चंद्रकलाबाई स्वतः बस धरून आल्या, फोन केला नाही. यशू बरेच महिने माझ्याशी कामापुरतं बोलायची. एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "तू दोन दिवस आधी मले सांगितलं असतं तर मी त्याच्याशी स्वतः बोलली असती. तो पाहून राहिला होता अन् मले काहीच माहीत नव्हतं. बस, एवढंच." नंतर तिचं लग्न झालं, वर्ध्याला. तिनं आधी त्या मुलाचा रिपोर्ट मागवला आणि मग फोटो. मित्रा आता शाळेत जाते. थंडीत चार-सहा दिवस दवाखान्यात काढावे लागतात, काही वर्षी जास्त.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी पाहुण्यांना बसस्टँडवर सोडून मामाजी परत आले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. यशू आतल्या खोलीत दार लावून बसली होती. मित्रा सतरंजीवर झोपली होती, मी तिच्या अंगावर पातळ चादर घालत होते. मामाजींनी चपला काढल्या, माठातलं पाणी घेतलं, दोन घोट प्यायले आणि माझ्यासमोर खाली बसले. खुर्ची रिकामी होती तरी खालीच बसले.

"आता सांग," ते म्हणाले. "काय पाठवलं मी?"

मी सांगितलं. चंद्रकलाबाईंना सांगितलं तसंच, पण या वेळी मध्ये दोनदा थांबावं लागलं. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. झोपेतल्या मित्राच्या हाताशी त्यांनी आपलं एक बोट नेलं, तिनं ते मुठीत धरलं, आणि मी बोलत होते तोवर त्यांनी ते काढून घेतलं नाही.

"प्रफुल्ल म्हणे, ठरू दे आधी?"

"हो."

"अन् तुले पटलं?"

मी मित्राच्या पायावरची चादर सारखी केली.

बाहेर कोणीतरी बकऱ्या हाकत गेलं. बऱ्याच वेळानं त्यांनी बोट हळूच सोडवलं, गुडघ्यावर हात ठेवून उठले.

"पुढं असं काही आलं का मले आधी दाखवत जा, पोरी," ते म्हणाले. "लोकांसमोर हो म्हणायले सोपं जाते मंग."